पट लहान, हात लांब: ओहायोतल्या शालेय खेळांच्या वर्गवारीचं प्रकरण

मार्च २००० मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात शालेय बास्केटबॉलच्या तिसऱ्या डिव्हिजनचा अंतिम सामना झाला. एका बाजूला अॅक्रन शहरातली सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी ही फी घेणारी कॅथलिक शाळा. दुसऱ्या बाजूला जेम्सटाउन या लहानशा गावची ग्रीनव्ह्यू ही सरकारी शाळा. अॅक्रनच्या संघात नववीतला एक मुलगा खेळत होता, पुढे जगप्रसिद्ध बास्केटबॉलपटू झालेला लेब्रॉन जेम्स. त्या हंगामात त्याच्या शाळेने सत्तावीस सामने खेळले आणि सत्तावीस जिंकले. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात समोर मायामी ईस्ट ही दुसरी ग्रामीण सरकारी शाळा आली, आणि निकाल तोच लागला.

यात नियमभंग कुठेही झाला नव्हता. शाळेत मुलगे किती, हे मोजून डिव्हिजन ठरत असे. सेंट व्हिन्सेंटचा पट लहान, म्हणून ती लहान शाळांत. लेब्रॉन आणि त्याचे तीन मित्र लहानपणापासून एकाच संघात खेळत आलेले. पुढेही एकत्रच खेळायचं त्यांचं ठरलेलं होतं. शहरातल्या बुकटेल या सरकारी शाळेत ते जातील असा लोकांचा अंदाज होता, पण चौघांनी मिळून कॅथलिक शाळा निवडली. चार मित्रांनी एकत्र शाळा निवडणं यात गैर काय? काहीच नाही. फक्त जेम्सटाउनच्या शाळेला अशी चार मुलं निवडू शकली नसती, कारण तिच्या हद्दीत राहणारी मुलं हीच तिची मुलं. कुणी हुशार खेळाडू तिथे जन्मला तर जन्मला.

सगळा वाद या फरकातून उभा राहतो. तो नीट समजायला आधी तिथली रचना पाहायला हवी.

ओहायोतले शालेय खेळ ओहायो हायस्कूल अॅथलेटिक असोसिएशन ही संघटना चालवते. ती १९०७ पासूनची. आठशेच्या आसपास शाळा तिच्या सदस्य आहेत, त्यांत सरकारीही आहेत आणि खाजगीही. नियम बदलायचा तर मुख्याध्यापक मतदान करतात, दर शाळेला एक मत. मुलांच्या खेळासाठी मुलगे आणि मुलींच्या खेळासाठी मुली मोजायच्या, शाळा उतरत्या क्रमाने लावायच्या आणि त्यांचे डिव्हिजन पाडायचे, अशी जुनी पद्धत. ती सोपी आहे, मोजणीवर भांडण होत नाही आणि वरवर पाहता न्याय्यही वाटते: दोन हजार मुलांतून संघ निवडणारी शाळा दोनशे मुलांतून निवडणाऱ्या शाळेशी भिडणार नाही.

पण पटसंख्या फक्त शाळेच्या आत कोण आहे ते सांगते. बाहेरून कोण येऊ शकतं, हे तिला कळत नाही. त्यातून दुसरी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. सरकारी शाळेला हद्दीतलं प्रत्येक मूल घ्यावंच लागतं, कुठल्याही खेळात कधीच उतरणार नाही असं मूलही. ते मूल पटावर येतं आणि शाळेला वरच्या डिव्हिजनकडे ढकलतं. खाजगी शाळेच्या पटाला प्रवेशाची चाळणी लागलेली असते. म्हणजे दोन्हीकडे दोनशे मुलगे असले तरी ते दोनशे सारखे नसतात.

खाजगी शाळा संघटनेत साधारण सहाव्या हिश्शाएवढ्या, आणि सांघिक खेळांच्या विजेतेपदांत त्यांचा वाटा मात्र त्याच्या दुपटीहून मोठा. हा हिशेब तिथे वर्षानुवर्षं मांडला जात होता. क्लीव्हलंडच्या सेंट इग्नेशियसने अमेरिकी फुटबॉलमध्ये १९९१ ते १९९५ सलग पाच वर्षं सर्वांत मोठ्या डिव्हिजनचं विजेतेपद घेतलं. त्याआधी सत्तरच्या दशकात सिनसिनाटीच्या मोलर या कॅथलिक शाळेची अशीच सद्दी होती. तिचे प्रशिक्षक जेरी फाउस्ट तिथून थेट नोत्र दाम विद्यापीठाच्या संघावर गेले.

यावर पहिला उपाय कुणालाही सुचेल असाच होता: दोघांच्या स्पर्धा वेगळ्या करा. १९७८ मध्ये त्यावर मतदान झालं आणि प्रस्ताव पडला. १९९३ मध्ये पुन्हा झालं, पुन्हा पडला. दुसरं मतदान सेंट इग्नेशियसच्या त्या पाच वर्षांच्या मधोमध झालं, हे लक्षात घ्यायला हवं. तेव्हा राग सर्वांत जास्त असायला हवा होता, आणि मतदारांत सरकारी शाळांचं प्रचंड बहुमत होतं. त्यांनी मनात आणलं असतं तर कुठलाही प्रस्ताव एका दिवसात संमत झाला असता. मला यातून दिसतं ते असं की ‘सरकारी विरुद्ध खाजगी’ ही मांडणीच अर्धवट आहे. मोठ्या उपनगरी सरकारी शाळांना खाजगी शाळांची धास्ती नव्हती. त्यांना सेंट इग्नेशियसला हरवूनच चषक हवा होता. तक्रार होती ती मधल्या आणि लहान शाळांची, आणि त्याही सगळ्यांची नव्हती.

२००९-१० च्या सुमारास ही तक्रार नव्याने वर आली ती वेन काउंटीतून. राज्याच्या ईशान्येचा हा शेतीवाडीचा भाग. तिथल्या सरकारी शाळांच्या सुपरिंटेंडंटांनी, म्हणजे शाळांचा कारभार पाहणाऱ्या प्रमुख अधिकाऱ्यांनी, एकत्र येऊन संघटनेकडे मागणी केली की काहीतरी करा. संघटनेचे आयुक्त तेव्हा डॅन रॉस होते. वेगळ्या स्पर्धा नकोत, पण नुसता पटही पुरत नाही, अशी भूमिका घेऊन समिती नेमली गेली. पुढचं सगळं या समितीच्या कागदावरचं.

तिचा पहिला आराखडा २०११ मध्ये मतदानाला आला. या प्रकरणातला सर्वांत विचारपूर्वक केलेला कागद तोच, असं माझं मत आहे. पटसंख्या हा पाया, आणि त्यावर तीन गोष्टींनी आकडा कमी-जास्त करायचा. पहिली, हद्द: शाळा मुलं कुठून घेते. ठरलेल्या हद्दीतूनच घेत असेल तर भार कमी, कुठूनही घेत असेल तर जास्त. दुसरी, परंपरा: गेल्या काही वर्षांत त्या खेळात शाळा किती पुढे गेली. तिसरी, आर्थिक परिस्थिती: शाळेत किती मुलांना मोफत जेवणाची सवलत मिळते. गरीब मुलं जास्त असतील तर आकडा कमी करायचा, म्हणजे शाळा खालच्या डिव्हिजनला जाऊ शकेल.

हा तिसरा मुद्दा हवेतून आला नव्हता. ओहायोत सरकारी शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून भागतो, त्यामुळे श्रीमंत गावची शाळा श्रीमंत आणि गरीब गावची गरीब. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डीरॉल्फ खटल्यात ही सगळी व्यवस्था राज्यघटनेला धरून नाही असं ठरवलं होतं. ‘सरकारी’ या एका शब्दाखाली दोन वेगळी जगं नांदतात, हे समितीला माहीत होतं. घरी व्यायामाची साधनं, उन्हाळी शिबिरं, खाजगी प्रशिक्षक, सामन्याला ने-आण करायला मोकळे असलेले आईबाप, हे सगळं कुठल्याही पटावर दिसत नाही. मोफत जेवणाचा आकडा त्याचा अंदाज तरी देतो.

प्रस्ताव ३०३ विरुद्ध ३३२ मतांनी पडला. थोडे फेरफार करून २०१२ मध्ये पुन्हा आणला. ३०१ विरुद्ध ३३९. उलट मागे सरकला.

सर्वांत जास्त राग होता तो परंपरेच्या मुद्द्यावर, आणि तो मला पटतो. चार वर्षांत शाळेतली सगळी मुलं बदलतात. बारावीच्या मुलांनी चषक आणला, ती पदवी घेऊन गेली, आणि त्यांच्या यशाची शिक्षा नववीत आलेल्यांनी भोगायची? शिवाय यश हे कधी बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं असतं, तर कधी वीस वर्षं एकाच जागी राबणाऱ्या प्रशिक्षकाचं. मर्सर काउंटीतली मॅरियन लोकल ही लहान सरकारी शाळा पाहा. २०२४ पर्यंत तिने फुटबॉलची पंधरा विजेतेपदं मिळवली, आणि त्या वर्षाअखेर तिचे सलग चौसष्ट विजय झाले. तिच्या आसपासच्या शाळा तिला कंटाळल्या असतील, पण ती कुणाची मुलं पळवते असं कुणी म्हणत नाही. परंपरेच्या गुणाकाराला मॅरियन लोकल आणि देशभरातून पोरं गोळा करणारी एखादी शाळा यांतला फरक कळला नसता.

२०१३ मध्ये वेन काउंटीकडून दबाव वाढला. स्पर्धा पूर्ण वेगळ्या करण्याची याचिका पुढे आली. समितीने नवा तोडगा आणल्यावर ती मागे घेण्यात आली. हा तोडगा मागच्या दोन्हींपेक्षा वेगळ्या जातीचा होता. शाळेचं वजन करायचं सोडून तो संघाच्या यादीकडे वळला. तोही पडला, पण ३०८ विरुद्ध ३२७ मतांनी, म्हणजे अवघ्या एकोणीस मतांच्या फरकाने. २०१४ मध्ये त्याच दिशेचा सुधारलेला प्रस्ताव ४११ विरुद्ध ३२३ मतांनी संमत झाला.

हे चार आकडे शेजारी ठेवले की एक मजेशीर गोष्ट दिसते. विरोधी मतं ३३२, ३३९, ३२७, ३२३. जवळपास हललीच नाहीत. सगळ्या खाजगी शाळा एकवटल्या तरी हा आकडा भरत नाही, त्यामुळे त्यात सरकारी शाळांचा भरणा मोठा असणारच. बदललं ते एवढंच की २०१४ मध्ये एकूण सुमारे शंभर मतं जास्त पडली, आणि बाजूची मतंही तेवढीच वाढली. विरोधकांचं मन वळलं, हा निष्कर्ष या आकड्यांतून काढणं अवघड आहे. आधी गप्प बसलेले मुख्याध्यापक त्या वर्षी बोलले, असंच त्यातून दिसतं.

संमत झालेली पद्धत २०१७-१८ च्या शालेय वर्षापासून लागू झाली. फुटबॉल, सॉकर, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि सॉफ्टबॉल या सांघिक खेळांपुरतीच. गाभा असा की मागच्या हंगामाची संघाची यादी घ्यायची आणि प्रत्येक मुलाला विचारायचं, तू कुठून आलास? सातवीपासून शाळेच्या हद्दीत किंवा तिच्या ठरलेल्या पोषक शाळेत (जिथली मुलं पुढे याच शाळेत येतात, अशा खालच्या वर्गांच्या शाळेत) असलेल्या मुलासाठी शून्य. अगदी बाहेरून आलेल्यासाठी पूर्ण भार. मधल्या प्रकारच्या मुलांसाठी मधला. हा पूर्ण भार खेळानुसार बदलतो. फुटबॉलच्या संघात साठ-सत्तर मुलं असू शकतात म्हणून तिथे तो लहान, बास्केटबॉलमध्ये संघ लहान म्हणून मोठा. सगळी बेरीज मूळ पटात मिळवायची आणि त्या नव्या आकड्यावर डिव्हिजन ठरवायचा.

समजा दोन शाळांत दीडदीडशे मुलगे आहेत आणि बास्केटबॉलच्या यादीत बाराबारा. बाहेरच्या मुलामागे पाच धरू. गावच्या सरकारी शाळेत शेजारच्या हद्दीतून आलेली दोन मुलं आहेत, तिचा आकडा एकशे साठ. शहरातल्या कॅथलिक शाळेत बारांपैकी आठ इकडून तिकडून आलेली, तिचा आकडा एकशे नव्वद. सीमारेषा या दोहोंच्या मध्ये पडली तर दुसरी वर जाते, नाही पडली तर दोघी पुन्हा एकाच डिव्हिजनात.

या हिशेबात ‘खाजगी’ हे लेबल कुठेही लागत नाही, हे मला आवडतं. १९८९ पासून ओहायोत डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, हद्दीबाहेरची मुलं घेण्याची मुभा सरकारी शाळांनाही आहे, आणि अनेक डिस्ट्रिक्ट ती वापरतात. क्लीव्हलंडची ग्लेनव्हिल ही सरकारीच, पण शहरभरातल्या मुलांना तिचं दार उघडं. २०२२ आणि २०२३ मध्ये तिने चौथ्या डिव्हिजनचं फुटबॉल विजेतेपद घेतलं. उलट राज्यात कितीतरी कॅथलिक शाळा अशा आहेत की ज्यांच्या कपाटात राज्यपातळीचा एकही चषक नाही. अलाबामाने १९९९ मध्ये सरसकट १.३५ चा गुणक लावला, तेव्हा सेंट इग्नेशियससारख्या तिथल्या शाळा आणि अशा दुबळ्या शाळा एकाच काट्याने तोलल्या गेल्या. इंडियानाने २०१२ मध्ये यशाचा निकष आणला: जिंकाल तर वर जाल, मग तुम्ही कुणीही असा. लुइझियानाने २०१३ मध्ये फुटबॉलच्या स्पर्धाच वेगळ्या केल्या, टेनेसीने १९९७ मध्ये शिष्यवृत्ती देणाऱ्या खाजगी शाळांचा वेगळा विभाग काढला. यांतला प्रत्येक उपाय शाळेकडे बघतो. मुलाकडे बघणारा ओहायोचाच.

पण मुलाकडे बघूनही ही पद्धत त्याचा खेळ बघत नाही. यादीतला बाहेरून आलेला मुलगा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू असो की हंगामभर बाकावर बसणारा, भार तोच. लेब्रॉनच्या शाळेला या हिशेबाने लेब्रॉन जेवढ्यात पडला असता तेवढ्यातच त्याच्याबरोबर आलेला राखीव खेळाडू पडला असता. मग एखाद्या प्रशिक्षकाने बाकावरच्या बाहेरच्या मुलाला यादीतून गाळण्याचा विचार केला तर? तो नियम मोडणार नाही. नियमाने दाखवलेल्या वाटेने जाईल. किंमत मात्र त्या मुलाने मोजलेली असेल.

दुसरी अडचण शिडीच्या वरच्या टोकाची. सेंट इग्नेशियस, मोलर, लेकवुडची सेंट एडवर्ड या शाळा पटाच्या जोरावर आधीपासूनच पहिल्या डिव्हिजनात होत्या. त्यांच्या आकड्यात तीनशे मिळवा की तीन हजार, वर जायला जागाच नाही. नवी पद्धत आल्यावरही सेंट एडवर्डने २०२१, २०२२ आणि २०२३ अशी सलग तीन वर्षं पहिल्या डिव्हिजनचं फुटबॉल विजेतेपद नेलं. ज्या नावांमुळे लोक चिडत होते, त्यांतल्या बऱ्याच नावांना या उपायाने हातही लावला नाही.

मधल्या पायऱ्यांवर मात्र परिणाम झाला, आणि तो तपशिलात पाहण्यासारखा आहे. अॅक्रनची आर्चबिशप होबन ही कॅथलिक शाळा २०१५ आणि २०१६ मध्ये तिसऱ्या डिव्हिजनची फुटबॉल विजेती. नव्या हिशेबाच्या पहिल्याच हंगामात, २०१७ मध्ये, ती दुसऱ्या डिव्हिजनात आली. तिसऱ्या डिव्हिजनातल्या शाळांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. होबनने मात्र दुसऱ्यातही २०१७, २०१८ आणि २०२० ची विजेतेपदं घेतली.

दुसऱ्या डिव्हिजनात होती मॅसिलनची वॉशिंग्टन हायस्कूल. मॅसिलन हे तीसेक हजार वस्तीचं जुनं पोलादाचं गाव, आणि फुटबॉल हा तिथला धर्म. फुटबॉलचे नामवंत प्रशिक्षक पॉल ब्राउन इथलेच. गावच्या मैदानाला त्यांचंच नाव आहे आणि त्यात सोळा हजारांहून अधिक माणसं बसतात. बातमीदारांच्या मतांवर विजेता ठरण्याच्या काळात या सरकारी शाळेने ढिगाने मान मिळवले होते. १९७२ पासून बाद फेरीने विजेता ठरू लागला आणि तिथून हा चषक गावाला हुलकावणी देत राहिला. २०१८ मध्ये मॅसिलन अंतिम सामन्यात पोचली, होबनकडून हरली. २०१९ मध्ये पुन्हा पोचली आणि सिनसिनाटीच्या ला साल या कॅथलिक शाळेकडून हरली. २०२० मध्ये सलग तिसऱ्यांदा, पुन्हा होबन. अखेर २०२३ मध्ये त्याच होबनला ७-२ अशा विचित्र गुणफलकाने हरवून पहिला चषक गावात आला.

तिसऱ्या डिव्हिजनातल्या सरकारी शाळांची अडचण सोडवताना ती दुसऱ्या डिव्हिजनातल्या सरकारी शाळेच्या अंगणात गेली. समितीची यात चूक आहे असं म्हणता येणार नाही. वर्गवारी कुठलीही करा, बलवान संघ कुठल्यातरी डिव्हिजनात असणारच. पण ‘समतोल’ हा शब्द प्रस्तावाच्या नावातच असताना तो नेमका कुणासाठी साधला, हे मॅसिलनकरांना विचारायला हवं. माझा अंदाज आहे की २०२३ च्या त्या रात्री कुणी विचारलं असतं तर होबनला हरवून मिळाला म्हणूनच चषक गोड आहे असं उत्तर आलं असतं. १९९३ मध्ये वेगळ्या स्पर्धांना नाही म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांच्या मनात बहुधा हेच होतं.

त्यानंतर बदल झाला तो संख्येचा. फुटबॉलमध्ये २०१३ पासूनच सात डिव्हिजन आहेत, आणि पहिल्यात सर्वांत मोठ्या ७२ शाळाच ठेवल्या गेल्या. २०२४-२५ पासून बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, बेसबॉल, सॉफ्टबॉल यांतही चारांचे सात झाले. डिव्हिजन वाढले की चषक वाढतात आणि कुरकुर कमी होते. राजकारण म्हणून हे शहाणपणाचं आहे. न्यायाच्या प्रश्नाशी त्याचा फारसा संबंध नाही.

प्रश्न पुन्हा टोकदार होतोय तो दुसरीकडून. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पाने एडचॉइस ही शिष्यवृत्ती जवळपास सगळ्या कुटुंबांना खुली केली. हायस्कूलच्या मुलाला खाजगी शाळेच्या फीसाठी वर्षाला ८,४०७ डॉलरपर्यंत मिळू लागले. उत्पन्न जास्त तशी रक्कम कमी. ज्यांना फीमुळे कॅथलिक शाळा परवडत नव्हती अशी मुलंही आता तिथे जाऊ शकतात.

आणि इथे संमत झालेल्या सूत्रातली फट दिसते. गरीब घरातला मुलगा नववीत शिष्यवृत्ती घेऊन खाजगी शाळेत आला की संघाच्या यादीत तो ‘बाहेरचा’, पूर्ण भार. त्याच्याच वयाच्या, बापाने सातवीपासून पोषक शाळेची फी भरलेल्या मुलाचा भार शून्य. म्हणजे दोन वर्षं आधी पैसे मोजायची ऐपत असली की हिशेबातून सुटका. २०११ च्या आराखड्यात मोफत जेवणाचा निकष होता तो नेमका या जागेवर बोट ठेवणारा. परंपरेच्या मुद्द्याबरोबर तोही बुडाला, आणि नंतरच्या दोन प्रस्तावांत कुणी तो परत आणला नाही. परंपरा गाळून तेवढा एक निकष ठेवला असता तर मतं कमी पडली असती का, हे मतपेटीला कधी विचारलंच गेलं नाही.